ठणठणीत मंडळाच्या उठाबशा

आमच्या नेकनूरच्या ठणठणीत मंडळाचे किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही. ते अंगावर येऊन पडतात. सकाळी सहाला मायला गाडीवर मैदानात सोडायचं, तिथंच थांबायचं आणि तासाभरानं घरी आणायचं, एवढंच माझं काम. पण साठीच्या पुढची पंधरा-वीस शहाणी माणसं एका सतरंजीवर बसली की त्या तासात एखादा तरी किस्सा घडतोच. दोस्तांना सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून टाकतो.

मंडळ काढलं माझ्या मामानं. रिटायर्ड हेडमास्तर. गाव त्याला ‘सर’ म्हणतं, माय ‘दादा’ म्हणते. नोकरीभर पोरांना उन्हात उभं केलं, रिटायर झाल्यावर करमेना, म्हणून म्हाताऱ्यांना उभं करायला लागला. निसर्गोपचार, संतुलित जीवन, सकारात्मक विचार, सगळं एकाच बॅनरवर. सुरुवातीलाच मामा ओरडतो, "आपण कसे आहोत?" आणि सगळे ओरडतात, "ठणठणीत!" तीनदा. लिंबावरचे कावळे उडून जातात.

नियम एकच. मैदानात ‘उलटा शब्द’ काढायचा नाही. दुखतंय, थकलो, ताप, चक्कर, दवाखाना, यातलं काहीही तोंडातून निघालं की कान धरून दहा उठाबशा. तिथंच, सगळ्यांसमोर. मग वय सत्तर असो की पंच्याहत्तर.

तुम्ही म्हणाल, म्हातारी माणसं खेळायलीत तर खेळू दे की बे, तुझं कावून जळतंय? जळतंय, कारण मायला शुगर आहे. आणि माय डॉक्टरचं ऐकत नाही, भावाचं ऐकते. माझं तर अजिबातच ऐकत नाही.

*

शिवलिंगआप्पा मंडळाचे उपाध्यक्ष. बाजारात किराणा दुकान, दोन्ही गुडघे गेलेले. उठाबशांना हा माणूस यमापेक्षा जास्त भितो.

एकदा सगळे शवासनात पडलेले. मामा डोळे मिटून, आवाज खोल काढून सांगत होता, "शरीर सैल सोडा. जमीन आपली आई आहे." तेवढ्यात आप्पा ताडकन उठून बसले. पाय धरलेला, कपाळावर घाम.

"आप्पा, शवासन मोडायचं न्हाई. काय झालं?" मामानं डोळे न उघडता विचारलं.

आप्पांनी तोंड उघडलं, नियम आठवला, मिटलं. पुन्हा उघडलं.

"सर, मला एक विंचू भेटलाय."

"छान. निसर्गाशी नातं जुळलं पायजे."

"लई जोरात भेटलाय, सर!"

फाटकाजवळ फळांचा गाडा लावणारे सत्तारचाचा तेवढे धावले. त्यांनीच आप्पांना रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. मंडळ शवासनातच होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा लंगडत आले. पोटरी भोपळ्याएवढी. मामानं भुवया वर केल्या, "काय आप्पा, सूज?"

"न्हाई, न्हाई! पाय जरा तब्येतीनं भरलाय."

*

याच आप्पांचं सकाळी मैदानात भाषण असतं, विषय ‘साखर म्हणजे पांढरं विष’. हात उंचावून बोलतात. आठ वाजता दुकान उघडतात आणि पहिलं पोतं फोडतात ते साखरेचं.

सत्तारचाचा गाड्यापाशी उभं राहून रोज ते भाषण ऐकायचे. सभासद नाहीत, पण पाठ झालं होतं. एक दिवस मी आप्पांच्या दुकानात होतो. चार गिऱ्हाइकं उभी. चाचा आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"आप्पा, ते पांढरं विष वीस किलो बांधा. पोरीचं लगीन हाय!"

*

माझं प्रकरण मंडळात दर आठवड्याला निघतं. मी इंजिनिअरिंग डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला नापास होऊन सोडला. आता बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो. माझ्या हाताला काम आहे, पण मामाच्या लेखी मी ‘नकारात्मकतेचं जिवंत उदाहरण’. हे तो माझ्याकडं बोट करून म्हणतो आणि त्याच मोबाइलवर भाषणाचे व्हिडिओ काढतो, ज्याचा डिस्प्ले मी बदलून दिला!

एकदा मला पुढं बोलावलं. डोक्यावर हात ठेवला.

"सुनील, नापास हा शब्दच मनातून काढ. तू उशिरा पास होनारा विद्यार्थी हायस. प्रत्येक गोष्टीकडं असंच बघायचं."

"प्रत्येक?"

"प्रत्येक!"

"म्हंजे मामा, तुमचं टक्कल म्हंजे उशिरा येनारे केस का?"

दहा उठाबशा. पण माझ्या मागं सतरंजीवर जी माणसं तोंड दाबून हसत होती ना, त्यांना त्या दिवशी खरा व्यायाम झाला.

*

संतुलित जीवनावर मामाचं एक ठरलेलं गणित आहे. आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास स्वतःसाठी. फळ्यावर गोल काढतो, तीन सारखे भाग करतो. पुरुष माना डोलावतात. एक-दोघं वहीत लिहून घेतात. बायका गप बसतात.

मायनं एकदाच हात वर केला. ती आयुष्यात कुठल्या सभेत बोलली नव्हती.

"दादा, भांडी कोनच्या आठात घासायची?"

मामानं खडूनं गोल पुन्हा गिरवला. मग म्हणाला, "भांडी आनंदानं घासली की ती कामात धरत न्हाईत."

"असं हाय व्हय," माय म्हणाली आणि हात खाली घेतला.

पुढं मी लई वेळा विचार केला, ती तिथंच उठून घरी का आली नाही? पण थोरल्या भावासमोर आवाज चढवायचा नाही, हे तिच्या हाडात बसलेलं. मामाला ते पक्कं ठाऊक होतं.

*

आता ज्या किश्शावर मला हसू येत नाही तो.

मामानं ‘गोळीविसर्जन’ काढलं. मैदानाच्या मधोमध काळा माठ ठेवला, त्याला हार घातला. ज्यानं त्यानं घरच्या गोळ्या आणून सगळ्यांसमोर माठात टाकायच्या.

"गोळी म्हणजे खिशात बाळगलेला आजार!" मामा गरजला.

"‘आजार’ म्हणलात! उठाबशा!" मी मागून ओरडलो.

"समजावताना चालतं," मामा म्हणाला.

एकेक जण टाकत गेला. मायनं पण टाकल्या, दोन महिन्यांच्या. प्रत्येक पाकिटाच्या मागं मी निळ्या मार्करनं लिहून ठेवलेलं, ‘माय. जेवणाआधी.’ कारण ती विसरते. माझं अक्षर माठात गेलं, वरून फडकं बांधलं. मामा म्हणाला, "हे मी स्वतःच्या हातानं जमिनीत पुरनार." आणि माठ घरी घेऊन गेला. टाळ्या!

पंधरा दिवसांनी चपलेचा खिळा मायच्या अंगठ्यात घुसला. जखम भरेना. आठवडा झाला, तीन आठवडे झाले. ‘जखम’ म्हणायचं नाही, म्हणून माय म्हणायची, "अंगठा जरा ओला हाय." मी नव्या गोळ्या आणल्या, तिनं हात लावला नाही. "दादाला शब्द दिलाय." दवाखान्यात चल म्हटलं तर तोंड फिरवून बसायची.

मी मैदानात जाऊन मामाला सगळ्यांसमोर विचारलं, "उद्या तिचा पाय कापायची पाळी आली, तर तुमच्या संगं ‘ठणठणीत’ कोन ओरडनार?"

मामा शांतपणे म्हणाला, "तुझ्या ह्या विचारांमुळंच तिचा अंगठा भरंना. मलाबी शुगर होती. विचारानं घालवली. आज एक गोळी न्हाई! आता कान धर."

"न्हाई धरत."

मी खरंच धरले नाहीत. तशी माय उठली. कुणी काही म्हणायच्या आत तिनं पदर खोचला, कान धरले आणि माझ्या वाटच्या दहा काढल्या. त्याच अंगठ्यावर. मामानं आकडे मोजले, मोठ्यानं. एक, दोन, तीन, शाळेत मोजायचा तसे. आठव्याला सतरंजीवर डाग पडला होता.

थोर माणूस!

*

त्यानंतर पाचव्या दिवशी मंडळाची सहल कपिलधारला. तिथं मामाचाच सत्कार होता, ‘गोळीमुक्त जीवन’ म्हणून. शाल-श्रीफळ आप्पांच्या हस्ते. मी गेलो नसतो, पण माय जाणार म्हणाली आणि तो पाय घेऊन ती पायऱ्या कशी उतरणार, म्हणून गेलो.

पाऊस बरा झालेला, धबधबा जोरात होता. देवळात दर्शन झालं. खाली सावलीत पंगत मांडली, भाकरी वाढून झाल्या आणि सत्कारमूर्तीच गायब!

"सर कुठं हायत? पंगत थांबलीय!" आप्पा ओरडले.

"मी बघते," म्हणत माय लंगडत निघाली. मी तिच्या मागं. धबधब्याच्या अंगाला एक मोठा खडक आहे, त्याच्या पलीकडं मामा पाठमोरा बसलेला. पाण्याचा आवाज एवढा, की आम्ही दोन हातांवर येऊन उभे राहिलो तरी त्याला पत्ता नाही. एका हातात पाण्याची बाटली. दुसऱ्या हातात चांदीसारखं चकाकणारं पाकीट.

पाकिटाच्या मागं निळी अक्षरं. ‘माय. जेवणाआधी.’

मायनं वाकून ते त्याच्या हातातून काढून घेतलं. तो दचकून वळला. तिनं पाकीट उलटं-सुलटं करून बघितलं, अक्षर वाचलं. मग एक गोळी दाबून काढली, तोंडात टाकली, त्याच्याच हातातली बाटली घेतली आणि दोन घोट पाणी प्याली. उरलेलं पाकीट कनवटीला खोचलं.

"शांते, ऐक," मामा म्हणाला. तोंड पांढरंफटक. "मला चक्कर येत होती गं. शुगर लई वाढलीय. रात्र रात्र डोळ्याला डोळा न्हाई. भीती वाटती."

माय खडकावर टेकली. दुखरा पाय लांब केला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं थोरल्या भावाच्या डोळ्यात डोळे घालून बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "कान धर."

मामानं माझ्याकडं बघितलं. मी धबधब्याकडं बघितलं.

थोड्या वेळानं खालून पुन्हा आप्पांचा आवाज आला, "सुनील! सर सापडले का? काय करायलेत?"

मी वळून बघितलं.

"पूर्ण बस, दादा. अर्धी धरत न्हाई मी," माय म्हणत होती. "हां. सात."

मी तोंडाला दोन्ही हात लावून खाली ओरडलो,

"ठणठणीत हायत, आप्पा! तीनच राहिल्यात!"