मोरचुदाची नक्षी

मी नवऱ्याचं डोकं विहिरीजवळच्या पाण्याच्या डोणीत दाबून धरलं होतं आणि तो बोंबलत होता, "सोड गं, मेलो!"

"मरणारा एवढा वरडत न्हाय. डोळे उघडा."

उघडेना. मी बोटांनी पापण्या फाकवल्या. जाऊ तुपाची वाटी घेऊन धावत आली.

"आधी तूप घाल, आग थांबंल!"

"तुझ्या डोळ्यात घाल. पंप चालू कर."

डोळ्यात चुना गेला होता. धुण्याखेरीज त्याला दुसरं औषध नाही, एवढं मला ठाऊक होतं.

श्रीवर्धनजवळ आमची सुपारीची वाडी आहे. पावसात फळं कुजून गळतात, म्हणून त्याआधी चुना आणि मोरचुदाचं मिश्रण फवारतात. चुन्याचे खडे आदल्या दिवशी पाण्यात विरवायचे, निवल्यावर गाळायचे, मग वरून मोरचुदाचं निळं पाणी ओतायचं. ओतताना काठी थांबवायची नाही. ही आमच्याकडची रीत.

त्या दिवशी आभाळ भरलं आणि नवऱ्याला घाई सुटली. चुना सकाळीच विरवला, गाळला नाही. पिंप अजून गरम होतं. मला दिसत होतं, पण मी बोलले नाही. तो बारीक धारेने ओतू लागला, मी ढवळू लागले.

"थांब गं," तो म्हणाला. "बघ काय झालंय."

पांढऱ्यावर निळं कडं उमटलं होतं. त्यात दुसरं, त्यात तिसरं. मग कड्यांना बोटं फुटली, बोटं वळली, खालून ऊन पाण्याने उसळी मारली आणि सगळं एकमेकांत घुसून पुन्हा नवं काही मांडायला लागलं. माझ्या रांगोळीकडे या माणसाने जन्मात पाहिलं नाही, आणि पिंपात मात्र नाक खुपसून उभा. तेवढ्यात तळाशी न विरता राहिलेला चुन्याचा खडा फुटला. सगळं तोंडावर आलं.

नात कॉलेजात रसायनं शिकते. ती म्हणाली, "आजी, दोन रसायनं एकमेकांना खातात आणि खाताखाता पसरतात. पसरायचा वेग सारखा नसला की कडी पडू शकतात. उष्णतेने ती विस्कटतात. कुणाला काढावी लागत नाहीत."

"आणि ढवळलं तर?"

"मग कुठली नक्षी? मोडून जाईल."

माझी शाळा चौथीपर्यंत, पण हे कळायला तेवढी पुरते. नक्षी दिसली, कारण काठी थांबली होती. फिरत राहिली असती तर तो खडाही आधीच फुटला असता, नवऱ्याचं तोंड लांब असताना. डॉक्टरांना मी सांगितलं, हे वाकून बघत होते. काठी कुणाच्या हातात होती, ते त्यांनी विचारलं नाही. नवरा मात्र चहा गार मिळाला की तोच विषय काढतो, "काठी तुझ्याच हातात व्हती."

व्हती. मलाही बघायचं होतं.

त्याचा डावा डोळा गेला, उजवा राहिला. नवरा जिवंत आहे, मीही आहे. आता मी ओतते आणि काठी तो धरतो.