भाऊजींची पपई-बासुंदी

हिंगणघाटला भाचीला पाहायला पाहुणे आले, त्या दिवशी विज्ञान शिकलेल्या आमच्या भाऊजींनी बासुंदीचा ताबा घेतला. पचायला हलकी व्हावी म्हणून त्यांनी आटवलेल्या कोमट दुधात कच्ची पपई किसली. वाट्यांतले पाणी आणि गोळे पाहून, आता सोयरीक मोडते, या धास्तीने ताईचा चेहरा उतरला. भाऊजी मात्र फळ्यापुढे असल्यासारखे उभे राहिले.

"पपईतलं एन्झाइम दुधातल्या प्रथिनाचं वरचं कवच कापते. मंग उघडे पडलेले तुकडे एकमेकाले चिकटते, त्याचे गोळे होते."

"म्हंजे दूध फाटलं ना?" मुलाच्या आईने विचारले.

"सायन्समंदी तसं नाई म्हणत!"

बाईंनी वाटी बाजूला सारली. "पोरगी पसंत हाय. पण लग्नात आचारी आमचा राहीन."