मीटरच्या काचेवरची वाफ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाही नीट कळत नाही.

पेणला माझा लहानसा स्टुडिओ होता. नवाच. मी बाविशीतला. भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी कासूकडचा नामदेव सायकल मारत आला. त्याच्या बायकोला, सुमनला, रात्री मण्यार चावली होती. पहाटे मांत्रिकानं हात टेकले. तिचा एकही फोटो नव्हता. नेण्याआधी एक तरी हवा, एवढंच तो म्हणाला.

ओटीवर तिला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, छातीवर झेंडूचा हार. मागची भिंत नुकतीच चुन्यानं पांढरी केलेली. अशा भिंतीसमोर दुरून प्रकाश मोजला तर मीटरचा काटा फसतो, चेहरा काळा येतो. म्हणून मीटर चेहऱ्याजवळ न्यायचा — अगदी वीतभर. ही माझी शिकलेली पद्धत. तिचा मला गर्वही होता.

मी मीटर तिच्या ओठांसमोर धरला. काटा स्थिर झाला, आणि मग किंचित खाली उतरला. ऊन तर तेवढंच होतं. मीटर उलटा करून पाहिला — पुढच्या काचेवर वाफ.

माझाच श्वास असेल, नाही का? काच सदऱ्याला पुसली. श्वास रोखला. पुन्हा धरला.

पुन्हा वाफ आली.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मागे चाळीस माणसं उभी, तिरडी बांधून तयार. मी कोण? परगावचा पोरगा. खोटं ठरलो तर? मेलेल्या बाईची थट्टा केली म्हणतील — मारतील. मी मागे येऊन कॅमेऱ्याशी उभा राहिलो आणि सवयीनं म्हणालो, "हलू नका."

नामदेवाचा चुलता म्हणाला, "ती नाय हलायची आता. तू आटप, बाबा."

कोणीतरी हसलंसुद्धा. झडप अर्धा-अर्धा सेकंद उघडी ठेवून मी दोन फोटो घेतले. तिला उचललं तेव्हा मी खाली बघून कॅमेऱ्याची तिपाई सायकलला बांधत होतो.

संध्याकाळी फिल्म धुतली. पहिल्या फोटोत भिंत स्वच्छ, कुंकू स्वच्छ, चेहरा अगदी नेमका उजळ. फक्त हार हललेला. प्रत्येक फुलाला दोन कडा. वारा म्हणावं, तर तिच्या केसांची एक बटही हललेली नव्हती. कॅमेरा हलला असता तर सगळंच हललं असतं. दुसऱ्या फोटोत हार स्थिर होता. का? त्यावर मी पुढे फार विचार केला. करायला नको होता.

आठव्या दिवशी नामदेव आला. मी दुसरा फोटो दिला. त्यानं तो उजेडाकडे धरला.

"निजल्यावानी दिसते," म्हणाला. मग, "दादा, तुम्ही दोनदा दाबलात ना? अजून एक कुठं हाय?"

"तो बिघडला," मी म्हणालो.

"असू दे. हा बरा आलाय."

फोटो रुमालात गुंडाळून तो गेला. पहिली निगेटिव्ह मी त्याच दुपारी जाळली. तिची चिता पेटण्याआधी मला माहीत होतं. फक्त मलाच.