दाबून बसवलेली अक्षरं

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायचो. तिथं एक अरुंद टाइप होता. इंग्रजीत काही वळणांच्या अक्षरांना विटेसारखे चौकोनी पाय असतात. आमच्या शिशाच्या खिळ्यांवरच्या अक्षरांचे कानेही तळाशी तसेच सपाट कापलेले, जाड. अक्षर अंग चोरून उभं राही, पण हडकुळं दिसत नसे. जागा कमी झाली म्हणून वाचणाऱ्याचे डोळे बदलत नाहीत, हे तो टाइप घडवणाऱ्याला ठाऊक होतं.

वरकुट्याच्या एका शिक्षकानं आपल्या वडिलांच्या, आबांच्या, आठवणी लिहून काढल्या होत्या. आबांनी छप्पन्न साली धम्म घेतला आणि मग चांगल्या मिशा फुटलेल्या असताना पाटीवर अक्षरं गिरवली. आता डोळे अधू झाले होते, तरी त्यांची अट एकच. "माझं पुस्तक मीच वाचणार. कुणी वाचून दावायचं न्हाय."

मी जुळाऱ्याकडून एक पान त्या अरुंद टाइपात जुळवून घेतलं आणि वरकुट्याला नेलं. आबांनी ते न अडखळता वाचलं. "ह्योच घाला," म्हणाले.

मालकांना तसं सांगितलं. त्यांनी नुकताच कॉम्प्युटर आणला होता. त्याच्या गळ्यातला हार अजून सुकला नव्हता. "व्हय व्हय, तसंच करू. तुमी शब्द बघा, अरुंद मी करतो." प्रुफं कॉम्प्युटरच्या रुंद टाइपात आली. मी शब्द बघितले, सही केली.

मग पुढाऱ्यांचे शुभेच्छासंदेश येऊ लागले. आमच्याकडे पुस्तकाला एखादं प्रकरण कमी असलं तरी चालतं, संदेश कमी चालत नाही. एकाचा छापला की दुसऱ्याचा लागतो, आणि फोटो कुणाचाच लहान होत नाही. कागद ठरलेला. आकसायचं कुणी? आबांनी.

प्रकाशनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मी पुस्तक उघडलं आणि तसंच मालकांपुढं धरलं. आबांच्या आठवणींची रुंद अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबली होती. शिरोरेषा तशीच जाड, काने सुईसारखे. डोक्यावर तुळई, खाली काड्या.

"तुमच्या खिळ्याची रुंदी मोजूनच दाबलंय," मालक म्हणाले. "उंची तेवढीच हाय. एका बटणात काम!"

"माणसाला दाबलं तरी उंची तेवढीच राहते," मी म्हणालो. त्यांना ती तारीफ वाटली.

आबांना माईकपुढं बोलावलं. त्यांनी पुस्तक डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, उन्हाकडं तिरकं केलं. मग पानं मागं उलटली आणि एका सभापतींचा मोकळ्या अक्षरांतला संदेश ठणठणीत आवाजात अथपासून इतिपर्यंत वाचला. टाळ्या पडल्या. सभापती उठून नमस्कार करते झाले.

"ह्यांचं येतंय वाचाया," आबा मुलाला म्हणाले. "माझं कुठं हाय?"

माईक चालू होता. काही लोक हसले. शिक्षकानं पुस्तक त्यांच्या हातून घेतलं आणि पहिलं पान वाचून दाखवायला सुरुवात केली. आबा खाली बघत ऐकत राहिले.

शेवटच्या प्रुफावर सही माझी होती.