दुमडलेला सिंह

आमच्या सांबशिवमामाच्या हाती एखादी वस्तू पडली की तिचं पोट उघडलंच म्हणून समजा. तंजावरच्या सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं त्याने मान खाली घालून काम केलं. पण घरातला मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, माझी सायकल, काही म्हणता काही त्याच्या तावडीतून सुटलं नाही. आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्याला चैनच पडत नाही.

फक्त एका चौकटीला हात लावायची त्याची छाती नव्हती. देवघरातले स्वामी! पणजोबांना राजवाड्याच्या चाकरीत मिळालेलं ते चित्र. उघड्या अंगाचा दाढीवाला म्हातारा, गुडघे टेकून वर बघणारा. रंग तांबडा, दारातल्या कोलमला, म्हणजे रांगोळीला, काठ काढतात त्या कावेसारखा. मामाची थोरली बहीण, म्हणजे माझी आई शेषम्मा, रोज आंघोळ करून त्याला नैवेद्य दाखवते. बाबा गेले तेव्हा रडायलाही ती त्याच्याच समोर जाऊन बसली होती.

यंदा चौकटीला वाळवी लागली आणि मामाचं फावलं. मागची फळी काढली तर कागद खालून दुमडलेला. उलगडला, तर स्वामींच्या पायाशी चक्क सिंह! मामाने फोटो काढला आणि बस धरून पापनाशमच्या गोपालकृष्ण नावाच्या चित्रकला शिक्षकांना गाठलं. परतला तो चेहरा पाडून. चित्र युरोपातलं निघालं, तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या बरोक काळातलं, तांबड्या खडूने काढलेलं. स्वामी म्हणजे जेरोम नावाचा ख्रिस्ती साधू. त्याने सिंहाच्या पायातला काटा काढला, तेव्हापासून सिंह त्याला सोडून गेलाच नाही, अशी कथा.

"अक्काला सांगू नको," मामा मला म्हणाला. "ती कोणासमोर बसेल मग?"

उघडलेल्या वस्तूची त्याला पहिल्यांदाच भीती वाटत होती. खरं सांगायचं तर मलाही वाटली.

पण गप्प बसेल तो मामा कसला? दुसऱ्याच दिवशी पूजेच्या वेळी त्याने सगळं सांगून टाकलं. आईने कागदावरच्या सिंहावर बोट ठेवलं.

"काटा काढला म्हणतोस?"

"होय अक्का."

"आणि ह्याला दुमडून ठिवलं?"

"चौकट लहान पडली असेल."

"अय्यो पावम, बिचारा! मुक्या जनावराला इतकी वर्षं उपाशी ठिवलं की रे आपण!"

मामाने मोठी चौकट करून आणली. आई आता देवघरात दहीभाताच्या दोन वाट्या ठेवते. सिंहाची जरा मोठी असते.