रिटर्नमध्ये लपवलेला कान
मंडळी, सलूनमध्ये नंबर यायचाय, तोवर सांगतो.

मला कमी ऐकू येतं, कानात मशीन आहे. रबाळ्याच्या कंपनीत कळू नये म्हणून केस वाढवलेत. त्याच भीतीने इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दिव्यांगांची सवलतही घेतली नव्हती.

आज बेलापूरला हे ऐकून आमच्या सीए नाझनीन मॅडम हसल्या. "अहो, रिटर्न कंपनीत कोण वाचतंय? मुदत आहे अजून, दुरुस्त करून भरू. रिफंड मिळेल. सर्टिफिकेट आहे ना?"

"घरी असेल कुठेतरी," मी पुटपुटलो.

सोबत आलेल्या बायकोने ते पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, "दोन वर्षं घेऊन फिरतेय."

रिटर्न दुरुस्त झालं. रिफंड येईल तेव्हा येईल, केस मात्र आजच बारीक करतोय.

तुम्ही काय झाकून ठेवलंय?