मामाची मांडी

परवाच्या रविवारी, मुलुंडच्या आमच्या घरी, एकाच मुलाचं दुसऱ्यांदा जावळ निघालं.

जावळ एकदाच काढतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ओजसला, माझ्या ताईच्या चार वर्षांच्या मुलाला, रक्ताचा कर्करोग झाला आहे... आणि केमो सुरू झाल्यावर त्याचे केस उशीवर राहू लागले. सकाळी उठला की तो ते चिमटीत धरून पुन्हा डोक्यावर ठेवायचा.

मी सध्या ताईकडेच राहते. भावोजी ऑफिस आणि हॉस्पिटल यांत विभागले गेले आहेत, ताई सतत ओजसपाशी, आणि मी उरलेल्या घरात.

त्याच्या पांढऱ्या पेशी कमी असल्यामुळे संसर्गाची भीती असते. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी दारावर पाटी लावली. 'बाळाच्या प्रकृतीमुळे कृपया भेटायला येऊ नये. बेल वाजवू नये.' शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस दरवर्षी मलाच मिळायचं... त्याच सुवाच्य अक्षरात लिहिली होती. सगळ्यांनी ती तंतोतंत पाळली.

मग हळूहळू फोनही कमी झाले. काय बोलावं हे लोकांना सुचत नसावं. मलाही सुचत नाही, त्यामुळे दोष कुणाला देणार... दुपारी ताई आणि ओजस झोपले की मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसते आणि तेच पान पुन्हा वाचते.

डॉक्टर म्हणाले, केस घरीच ट्रिमरने काढा, वस्तरा लावू नका. पण ट्रिमर दिसला की ओजस पलंगाखाली. शेवटी ताईने त्याला त्याच्या जावळाचा फोटो दाखवला. तेव्हाही केस काढले होते, आणि नंतर किती दाट आले, हे पटवण्यासाठी.

फोटोत तो नितीनदादाच्या मांडीवर बसला आहे. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं. आम्हा बहिणींना सख्खा भाऊ नाही, म्हणून तो मान आमच्या चुलतभावाचा, नितीनदादाचा.

ओजसने फोटो बराच वेळ पाहिला आणि अट घातली. "मामाच्याच मांडीवर."

नितीनदादा कांदिवलीला राहतो. आजार कळल्यापासून तो एकदाही आला नव्हता. कुणाकडे काही मागणं मला जमत नाही, तरी मी फोन केला. मास्क लावून थोडा वेळ आलास तर चालेल, डॉक्टरांना विचारलं आहे, असं एका दमात सांगून टाकलं. "बघतो गं," एवढंच तो म्हणाला.

रविवारी सकाळपासून आम्ही वाट पाहिली. ओजस दारासमोर स्टूल टाकून बसला होता. उन्हं वर आली तेव्हा तो आपणहून उठला.

"नाही येणार ना मामा?"

मी चटईवर मांडी घातली. "मी चालेन का?"

त्याने येऊन बसून पाहिलं. "माऊ, तुझी मांडी टोचते."

"उशी घेऊ?"

"मामाने नव्हती घेतली." पण उठला नाही. माझा अंगठा मुठीत धरून बसला.

भावोजींनी ट्रिमर सुरू केला. ताई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती... नळ चालू होता, पण खाली भांडं नव्हतं. माझ्या हातावर इतके मऊ केस पडत होते की ते पडल्याचं जाणवतही नव्हतं. ओजस रडला नाही. मी मान वर करून पंख्याकडे पाहत राहिले.

केस कागदात गुंडाळून बाहेरच्या डब्यात टाकायला मी दार उघडलं, तर कडीला एक पिशवी. आत नवा सदरा, मामाने जावळाला द्यायचा तसा. मी धावत जाऊन मोबाइल पाहिला. नितीनदादाचा मेसेज नुकताच येऊन पडला होता. 'दारापर्यंत आलो होतो. पाटी वाचली. मला जरा सर्दीपण वाटतेय, उगाच रिस्क नको. बेल नाही मारली.'

मी गॅलरीत गेले. खाली गेटपाशी तो स्कूटरला किक मारत होता. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी... तिसऱ्या मजल्यावरून ओरडले. "दादा!"

त्याने वर पाहिलं आणि हेल्मेट काढलं. तोवर भावोजी ओजसला उचलून घेऊन आले होते. गेल्या तीन वर्षांत नितीनदादाचे केस आपसूकच विरळ झाले आहेत. वरून तर डोकं चकाकत होतं. ओजस बघतच राहिला.

"मामा, तुझंपण जावळ काढलं?"

"हो रे. झकास झालंय ना?"

"कुणाच्या मांडीवर?"

नितीनदादाने डोक्यावरून हात फिरवला. "साहेबाच्या रे. ऑफिसात."

माझ्या मागे ताई हसली. तिच्या हाताला अजून पाणी लागलेलं होतं. खाली नितीनदादा बाहीने डोळे पुसत होता, सर्दी असेल कदाचित... मग हात हलवून तो गेला, आणि घर पुन्हा नेहमीसारखं शांत झालं.

संध्याकाळी मी पाटी बदलली. 'आत येता येणार नाही. पण बेल जरूर वाजवावी. आम्ही घरीच आहोत.'

बेल अजून वाजलेली नाही. एवढे दिवस पाळलेली सूचना लोक एकदम कशी विसरतील... म्हणून इथेही लिहिते आहे. मुलुंडला येणं झालंच, तर खालून नुसती हाक मारा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल. मी गॅलरीतच असते.